लायनरवरचा खडू

आबा, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि मी अजून ब्रेकमध्येच अडकलेय. तुम्ही उरण रस्त्यावरच्या शेडमध्ये न्हावा शेव्याच्या ट्रेलरना ब्रेकचे लायनर बसवायचात; मी पनवेलच्या ऑफिसात, न उघडणाऱ्या काचेमागे बसून तोच लायनर कॉम्प्युटरवर झिजवते. किती घर्षण, किती ताप, किती किलोमीटरला किती झीज, सगळं आकड्यांत. हात तेवढे काळे होत नाहीत.

दहावीच्या सुट्टीतला तो दिवस सारखा आठवतोय. तुम्ही नव्या लायनरला खडू फासता, वर चाकाचा ड्रम चढवता, एक फेरा देता आणि ड्रम परत उतरवता. जिथला खडू पुसला तिथेच लायनर टेकतोय. तिथे कानस मारायची, परत खडू. असं चार-पाचदा. त्या दिवशी कानस माझ्या हातात, खडू नुसता मधोमध पुसलेला, आणि मला मेला कंटाळा आलेला. मी म्हटलं, "चालेल की आबा, गाडी चालवता चालवता घासून बसेल आपोआप." ड्रायव्हर बाहेर चहा पीत उभा होता. त्याच्यादेखत तुम्ही माझ्या हातातली कानस काढून घेतलीत. "बसंल तवर घाट कोन उतरनार? तू? त्याच्या घरी पोरं हायत, बाय." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. काय राग आला होता, देवा!

आणि आता बघा माझी अक्कल. दोन वर्षांपूर्वी हे कॉम्प्युटरवरचं झिजेचं मॉडेल बांधताना मी पहिल्याच पानावर धरून चालले, की लायनर पहिल्या दिवसापासून ड्रमला पूर्ण टेकतो. गणित सुटसुटीत होतं म्हणून. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. गेल्या महिन्यात डोक्यात उजेड पडला: नवा लायनर टेकतो तेवढ्याच जागेवर सगळा ताप येतो, आणि फार तापला की ब्रेक धरत नाही; घाटात तो किती तापेल, तो आकडा आम्ही कमी दाखवतोय. साहेबांना सांगितलं तर ते हसले. "अहो मॅडम, चार फेऱ्यांत बसतो तो आपोआप. आता रिपोर्ट थांबवला तर सगळ्यांची मेहनत पाण्यात, आणि कुणामुळे, ते वर विचारतीलच." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. महिनाभर जेवण गेलं नाही मला.

रिपोर्टवर सहीची जागा एकच होती, माझी. काल केली सही, आकडा तसाच ठेवून. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, घरातसुद्धा नाही. पण खरं सांगू? सही करताना, आबा, तुम्ही नाही आहात याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.