नारिंगी खडूचा गाभा

सर, काल नववीच्या वर्गात तुमच्या फोटोखाली उभी राहून मी मुलांशी बोलले आणि तुमचे आभार मानले नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच बजावलं होतं, "सरांबद्दल दोन शब्द चांगले बोल हं. त्यांची विद्यार्थिनी भूकंपांवर संशोधन करते, त्यांच्या आत्म्याला किती बरं वाटेल." फोटोला ताजा हार होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या शाळेत तुमच्याबद्दल कुणी वावगं बोलत नाही. म्हणून मला हे लिहावं लागतंय.

तोच वर्ग, मी नववीत. तुम्ही फळ्यावरून हात न उचलता एका झटक्यात वर्तुळ काढता, ही पृथ्वी. मग आतली वर्तुळं. त्यातलं एक नारिंगी खडूने भरता. "बाह्य गाभा, द्रवरूप. लिहून घ्या. रंग नारिंगीच द्या, मार्क आहेत." मी उभी राहते. "सर, तो पातळ आहे हे कळलं कसं? कुणी खाली जाऊन बघितलं का?" तुम्ही वर्गाकडे बघून हसता. "तुझा बाप खणतोच आहे की नवीन पनवेलला. त्याला सांग, अजून जरा खाली जा आणि बघून ये." पोरं बाकं बडवतात. पुढे वर्षभर मला कुणी नावाने हाक मारली नाही. "काय गं, गाभा लागला का?" एवढंच.

बाबा पाइपलाइनचे चर खणून कर्नाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या वाडीवर परतले होते, पायांची माती धूत होते. मी रडत सांगितलं, तर तेही हसले. "मास्तर खोटं काय बोलला? खणतोय तर हाय मी." पण त्यानंतर ते शाळेच्या फाटकाच्या आत आले नाहीत. पालकसभेला नाहीत, माझ्या दहावीच्या सत्काराला नाहीत. काल मी म्हटलं, "बाबा, चला ना, मी बोलणार आहे." म्हणाले, "तू जा. माझं तिथं काय काम नाय." नुसती माझी थट्टा असती तर मी कधीच विसरले असते, सर.

आणि उत्तर केवढंसं होतं! मोठ्या भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून जातात. त्यातल्या दुय्यम लहरींना दगडातून जाता येतं, द्रवातून नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला बसवलेल्या यंत्रांपर्यंत त्या थेट पोचतच नाहीत, म्हणजे वाटेत द्रव आहे. संपलं. हे नववीतल्या पोरीला कळलं नसतं? मला ते थेट कॉलेजात कळलं आणि इतका संताप आला की पुस्तक मिटून ठेवावं लागलं. तुम्हाला ते माहीत नसावं, असं आता वाटतं. मग तसं म्हणायचं होतं. त्यासाठी माझ्या बापाला खड्ड्यात कशाला उतरवलंत?

काल मी मुलांना लहरी समजावल्या आणि बाबांवरचं तुमचं ते वाक्यही सांगितलं. शेवटी एका मुलीने विचारलं, "ताई, तो बाहेरचा गाभा सगळा सारखाच पातळ आहे का?" मी नेमकं त्यावरच काम करते. गाभ्याच्या छताला आतून आपटत गेलेल्या लहरी तपासते. अगदी वरचा थर खालच्यासारखाच आहे की वेगळा, यावर अजून वाद आहे. "माहीत नाही," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी काढू लागली.

बाहेर बाई तणतणल्या, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

"मग जिवंत माणसाबद्दल बोललेलं चालतं का, बाई?"

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या घरी आता तुमच्या पत्नी एकट्याच असतात, त्यांनी का वाचावं? एवढंच सांगते, काल मुलं यायच्या आधी मी त्या फळ्यावर तुमच्यासारखं एका झटक्यात वर्तुळ काढून बघितलं. टोकं जुळेनात. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरातून खिचडीचं ताट मागून आणलं, फळ्यावर धरून पृथ्वी काढली. खडूंच्या खोक्यात सगळे रंग होते. बाहेरचा गाभा मी नारिंगीच भरला.