बैठकीची योग्य सोय

तीर्थस्वरूप आत्यास,

व्हायोलिनवाल्या भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकताना पाठीत चमक आली, तेव्हा नमस्कार खरा आहे असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना, की बाटली नुसतीच फडताळात उभी आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी भाचेसून तुझी रोज आठवण काढते, विशेषतः माझ्याशी भांडताना, कारण 'आत्यांना सांगेन' एवढं एकच वाक्य माझ्यावर चालतं हे तिच्या लक्षात आलं आहे. पत्र लांबणार आहे, म्हणून आधी चहा करून घे आणि नीट टेकून बस. बसण्यावरूनच सगळं घडलं आहे.

तुला आठवत असेल, आमच्या हॉटेलात खालच्या जेवणघरात आम्ही आठ आणि वरच्या हॉलमध्ये नऊ, असे सतरा वादक आहोत. आमच्यातले क्लॅरिनेटवाले वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून त्यांना आम्ही थोरले म्हणतो. एकोणीस वर्षं ते त्याच कोपऱ्यात उभे आहेत आणि गेली दोन वर्षं त्यांचा उजवा गुडघा त्यांच्याशी अबोला धरून आहे. पियानोवाला आणि ड्रमवाला सोडले तर आम्ही सगळेच चार तास उभ्याने वाजवतो. मॅनेजरचं म्हणणं असं, की बसलेला वादक दमलेला दिसतो आणि दमलेल्या माणसाकडे बघत गिऱ्हाईक गोड पदार्थ मागवत नाही. (मी स्वतः खूप दमलेल्या माणसांकडे बघत पुष्कळ गोड खाल्लं आहे, पण मला कोण विचारतो!) थोरल्यांनी एक खुर्ची मागितली. उत्तर आलं, उभं राहणं जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

त्यांच्या वतीने बोलायला मी गेलो. मॅनेजरने शांतपणे विचारलं, "तुम्ही नक्की कोणाच्या वतीने बोलताय?" आम्हा सतरा जणांकडून त्याने सतरा वेगळे कागद सही करून घेतले आहेत आणि प्रत्येक कागदावर आम्ही 'पाहुणे कलाकार' आहोत. पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्यासाठी खुर्ची मागायची नसते, असं त्याने मला समजावलं. मी बाणेदारपणे बाहेर आलो आणि तुला फोन लावला. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं युनियन चालवलीस आणि त्या तीस वर्षांत मी तुझी यथेच्छ टिंगल केली, ते सगळं विसरून तू फक्त एवढंच म्हणालीस, "एकटा कशाला कडमडायला गेलास? आधी सह्या गोळा कर." आणि वादकांच्या युनियनच्या बाईंचा नंबर दिलास. आत्या, तो नंबर मी पावाच्या पाकिटावर लिहून घेतला होता. ते पाकीट मी अजून जपून ठेवलं आहे.

बाईंनी फोनवर सांगितलं, की निम्म्याहून जास्त वादक सभासद झाले, म्हणजे निदान नऊ, तर युनियनला तुमच्या वतीने बोलता येईल. झालं, मी वाद्यं ठेवायच्या खोलीच्या दारावर माझ्या सुवाच्य अक्षरात सूचना चिकटवली: 'रविवारी सकाळी दहा वाजता बैठक. विषय: थोरले. सर्वांनी अवश्य यावे.' जागा पियानोवाल्याच्या बहिणीचा शिवणक्लास. आता तू म्हणशील, यात काय चुकलं? तुमच्या एक्स्चेंजमध्ये काहीच चुकलं नसतं. पण वादकाला बैठक म्हटलं की तो वाद्य घेऊनच निघतो. रविवारी सोळाच्या सोळा जण इस्त्रीचे कपडे घालून, वाद्यं पुसूनबिसून हजर! आधी वाजवायला कोण बसणार, यावरून जिन्यातच वाद. वरच्या हॉलमधल्या ट्रम्पेटवाल्याने तर 'विषय: थोरले' वाचून भलताच अर्थ काढला आणि तो पांढरी फुलं घेऊन, मान खाली घालून आला. दार उघडलं थोरल्यांनीच. त्यांनी फुलं घेतली, आभार मानले आणि शिवणयंत्रावरच्या पेल्यात लावून ठेवली.

युनियनच्या बाई सभासदत्वाचे अर्ज घेऊन इस्त्रीच्या टेबलापाशी बसल्या होत्या. मी सात पानी भाषण लिहून नेलं होतं. (तीन वेळा आरशासमोर म्हटलं होतं, भाचेसूनबाईंनी दुसऱ्या पानावर भाजी निवडायला घेतली.) पण सूर जुळवून झाले होते आणि सूर जुळल्यावर वादकाला गप्प बसवणं तुझ्या युनियनलाही जमणार नाही. सुरू झालं. तासभर आम्ही असं वाजवलं, की खालचा लाँड्रीवाला कामधाम सोडून दारात येऊन उभा राहिला. मग एका लांबलचक तुकड्याच्या मध्यात थोरल्यांचा गुडघा वाकला. ते पडले नाहीत, शिकाऊ पोरींच्या ठेंगण्या स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि पुढचा सूर काढला. आत्या, अकरा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी वाजवतो आहे, पण इतका लांब, इतका निवांत सूर मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. एवढी वर्षं त्यांचा निम्मा दम नुसता उभं राहण्यात जात होता, हे त्या खोलीत सगळ्यांना एकदमच कळलं. वाजवून संपलं. बाईंनी अर्ज फिरवायला घेतले.

पहिली सही थोरल्यांची झाली. पियानोवाला आणि ड्रमवाला जरा रेंगाळले, कारण त्यांना बसायला आधीपासूनच मिळतं. बाईंनी त्यांना विचारलं, तुम्हाला काय हवं? तेव्हा कळलं, की वेटर बाहेर आला की स्वयंपाकघराचं झुलतं दार दर खेपेला ड्रमवाल्याच्या कोपरावर बसतं (आम्हाला वाटायचं, तो मधूनच एक ठोका आपल्या कल्पनेने जास्त मारतो!) आणि पियानोच्या चार पट्ट्या दीड वर्ष मुक्या आहेत. दोन्ही गोष्टी मागण्यांत लिहिल्या गेल्या आणि दोघांनीही सह्या केल्या. एकूण चौदा सह्या. माझं भाषण तसंच खिशात राहिलं.

पुढच्या आठवड्यात बाई आणि मी मॅनेजरसमोर बसलो. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, कोणाच्या वतीने? मी 'चौदा जणांच्या' असं म्हणालो, पण आवाज असा काही फाटला की बाईंनी ते पुन्हा एकदा नीट सांगितलं आणि यादी पुढे सरकवली. करार झाला. थोरले कामावर राहणार हे कलम बाईंनी लिहिलं आणि बसण्याचं कलम, माझं अक्षर चांगलं म्हणून, मी लिहिलं. मी आपला भारदस्तपणे लिहून गेलो: 'वादकांना बैठकीची योग्य सोय करून देण्यात येईल.' मॅनेजरने वाचलं, हसला आणि सही केली. सोमवारी जाऊन बघतो तर जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केलेली, आत एक टेबल, आठ खुर्च्या आणि दारावर पाटी: 'वादक बैठक कक्ष'. आणि जेवणघरात आम्ही उभेच! एकाच शब्दाने मला दोनदा तोंडघशी पाडलं. बाई मात्र पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, मग बैठक घेऊ या की. मॅनेजरला त्याच कक्षात चर्चेला बोलावलं. तो आला तेव्हा आठ खुर्च्यांवर आम्ही आठ जण बसलेलो होतो. (हे ठरवून केलेलं नव्हतं. पियानोवाला म्हणतो, होतं.) बाई दाराला टेकून आरामात उभ्या राहिल्या, त्यांना सवय आहे. मॅनेजर सव्वा तास उभा राहून 'योग्य' या शब्दाचा अर्थ सांगत होता. आधी त्याने डावा पाय बदलला, मग उजवा, मग टेबलावर हात टेकला. शेवटी म्हणाला, न्या त्या खुर्च्या जेवणघरात.

तर आत्या, हे सगळं तुझ्यामुळे. लहानपणी तू जेवणाच्या टेबलावर सभेचं इतिवृत्त लिहायचीस आणि मी मागे उभा राहून तुझ्या भाषणाची नक्कल करायचो. त्याबद्दल आज मनापासून क्षमा मागतो आणि त्याहून जास्त मनापासून आभार मानतो. तब्येतीला जप.

तुझा,
नक्कल करणारा भाचा

ता. क. मला युनियनच्या आमच्या हॉटेलातल्या नव्या शाखेचा सचिव निवडलं आहे (कारण, अक्षर). इतिवृत्त कसं लिहितात याचा मला गंध नाही. तुझी एखादी जुनी वही पाठव. त्याहून बरं म्हणजे, पुढच्या रविवारी शाखेचं उद्घाटन आहे, तूच वही घेऊन ये. अध्यक्षांची खुर्ची मी स्वतः बसून तपासली आहे, पाठीला आधार चांगला आहे.

आणखी एक ता. क. वर 'बाणेदारपणे बाहेर आलो' असं लिहिलं आहे, ते खोडायला हवं होतं. त्या दिवशी मॅनेजरने मला विचारलं होतं, स्वतःपुरतं बोला, तुम्हाला हवी आहे का खुर्ची? आणि मी म्हणालो होतो, छे छे, मला उभं राहायला आवडतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही. परवा संध्याकाळी खुर्च्या जेवणघरात आल्या. थोरले आपल्या खुर्चीवर बसले, क्लॅरिनेटची पत्ती ओठांत ओली केली आणि शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाले, "तुला उभं राहायला आवडतं, ठाऊक आहे मला. मॅनेजरचं दार उघडंच होतं त्या दिवशी. तरी बस."

पहिली सही त्यांनी हे ऐकूनही केली होती, आत्या. मी बसलो, पण पहिली दोन गाणी मला काही वाजवता आलं नाही. अशा वेळी आपण त्यांना काय म्हणायचं असतं? तू ये.