घेण्यापूर्वी बाटली हलवावी

३ सप्टेंबर, बुधवार

बाटली सापडली. लेकीच्या कपाटात, वरच्या फळीवर, जाड पांघरुणाच्या मागे. मी पांघरूणच शोधत होतो, देवाशपथ! व्होडका. सील शाबूत. म्हणजे नवीन दिसते. आधीच्या किती रिकाम्या झाल्या असतील कोण जाणे.

जावयाने दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं होतं — "तुमची मुलगी घेते." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. तिला कधी विचारलं नाही. गेल्या ऑक्टोबरात ती दोन बॅगा घेऊन इथे राहायला आली, तेव्हाही नाही. आमच्या घरात बोलायचं खातं हिच्याकडे, लेकीच्या आईकडे होतं. ही गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ते खातं बंदच आहे.

लेक दर शनिवारी चष्म्याच्या कारखान्यातून पाचला येते आणि खोलीचं दार लावून घेते, ते जेवायलाच उघडते. आत काय चालतं ते आता कळलं.

बाटली होती तशी ठेवली. पांघरूण न घेताच बाहेर आलो.

४ सप्टेंबर, गुरुवार

रागवायचं? एकेचाळीस वर्षांच्या बाईला? आणि कुठल्या तोंडाने?

दिवसभर विचार केला. प्यायचीच असेल तर एकटीने, दाराआड का? माझ्यासमोर बसून घेऊ दे. मापात. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, मापाचं मला कोण शिकवणार! मला एवढंच हवंय — ते दार शनिवारी उघडं राहावं. बाकी काही नाही.

खालच्या मजल्यावर हॉटेलातला वेटर राहतो. सदानकदा गळ्यात टाय, म्हणून मी त्याला टाय म्हणतो. जिन्यात गाठला. "व्होडका सभ्य माणसासारखी कशी देतात रे?" आधी तो हसला. मग माझा चेहरा बघून गंभीर झाला.

"काका, हायबॉल करा. उंच ग्लास, काठोकाठ बर्फ. एक भाग व्होडका, तीन भाग थंडगार जिंजर एल, म्हणजे आल्याचा गोड सोडा. लिंबाची फोड. चमचा खालून वर एकदाच. यात चुकायला काही नाहीच."

लिहून घेतलं. त्याने विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "पाहुणे आहेत."

५ सप्टेंबर, शुक्रवार

चुकायला काही नाही म्हणे!

लेक कामावर गेल्यावर रंगीत तालीम केली, व्होडकेच्या जागी पाणी घेऊन. हिचे सरबताचे उंच ग्लास काढले. तीस मिलीचं काचेचं माप काढलं — दवाखान्यातून निवृत्त होताना डॉक्टरांनी भेट दिलेलं. लिंबू चिरलं. मग जिंजर एलची बाटली उचलली आणि टोपण उघडण्याआधी दणकून हलवली.

चाळीस वर्षांत जी बाटली हातात आली ती हलवूनच पुढे केली. प्रत्येक लेबलावर तेच लिहिलेलं — घेण्यापूर्वी बाटली हलवावी. हाताला सवय, डोक्याला पत्ता नाही! फवारा छतापर्यंत गेला. चष्मा, भिंत, गॅस, कॅलेंडर, सगळं चिकट. स्टुलावर चढून छत पुसलं. या वयात!

दुसरी बाटली हलवली नाही, पण ग्लासात चमचा घालून मिक्स्चरसारखं ढवळत बसलो. बुडबुडे मेले. चव घेतली, तर खोकल्याच्या औषधासारखी लागली. चांगल्या खोकल्याच्या औषधासारखी, पण औषधच.

तिसरा ग्लास जमला.

६ सप्टेंबर, शनिवार

ती यायच्या आधी तिच्या कपाटातून बाटली काढली. सील फार घट्ट होतं, सुरीने सोडवावं लागलं. दोन ग्लास भरून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवले. मधोमध बाटली, उघड्यावर. लपवाछपवी बंद!

ती आली. चपला काढता काढता थांबली. बाटलीकडे बघत राहिली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच बोललो —

"कपाटात दिसली. लपवायला नको. बस इथे, माझ्याजवळ."

ती म्हणाली, "सील तुम्ही काढलंत?"

"हो. घट्ट होतं."

मला वाटलं आता खोलीत जाऊन दार लावणार. पण बसली. ग्लास हातात घेतला, पण माझ्याकडे बघेना. लाजली असेल बापासमोर. मी नजर दुसरीकडे वळवली आणि माझा घोट घेतला. आयुष्यातला पहिला. घशात आलं, नाकात आलं, खोकलो. ती हसली! किती दिवसांनी.

मग बर्फ आणायला म्हणून ग्लास घेऊनच स्वयंपाकघरात गेली. परत येऊन तासभर बसली. काय बोललो? छतावरच्या डागाबद्दल. कसा पडला ते सांगितलं, तर हसता हसता तिला ठसका लागला.

दार उघडं होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

बाटली आता स्वयंपाकघरातल्या फळीवर असते. पूर्वी मिक्स्चरच्या बाटलीला डोस कळायला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचो, तशी हिलाही चिकटवली. दोन डोस झाले, पातळी बरोब्बर खुणेवर. म्हणजे मधल्या वारी हात लावत नाही! औषध लागू पडतंय.

ती नेहमीसारखी मंगळवारच्या क्लासला गेली. कसला क्लास ते अजून विचारलेलं नाही. एका वेळी एकच.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज हात सरावला. बर्फ, माप, हळूच कडेने जिंजर एल, चमचा एकदाच. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून पुडी बांधल्यासारखंच सगळं करता."

लहानपणी दवाखान्यात माझ्या खिडकीखाली स्टुलावर बसून लेबलं चाटून द्यायची म्हणे. मला आठवत होतं, पण तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. "तुम्ही सगळ्या पेशंटांशी बोलायचात. किती वेळा घ्यायचं, जेवणाआधी की नंतर, झोप लागते का. मला वाटायचं, आपण आजारी पडायला हवं."

हे तिने हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

पुन्हा ग्लास घेऊन बर्फाला गेली. या पोरीला बर्फाची भारी हौस.

२० सप्टेंबर, शनिवार

आज तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"त्याने कधी हात नाही उगारला, बाबा. फक्त बोलायचा नाही. महिनेच्या महिने. मी घरात आहे की नाही हेसुद्धा कळू नये इतका. मग मी..." आणि ग्लासाकडे बोट केलं.

मीही तसलाच, तोंडाला कुलूप लावलेला. अबोल्याच्या एका घरातून काढून दुसऱ्या घरात दिली मी तिला! आणि परत आली तरी वर्षभर 'आलीस का', 'जेवलीस का', एवढंच. मला रडू आलं. तिने पाहिलं. उठून माझा चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाली, "काच सैल झालीय. उद्या बसवून देते."

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज साधा मंगळवार असूनही तिचं दार उघडं होतं!

२७ सप्टेंबर, शनिवार

चौथा शनिवार. पट्टीवरच्या आठ खुणा उतरल्या. टायला जिन्यात सांगितलं, "पाहुणे खूश आहेत." तो म्हणाला, "काका, तुम्हीपण खूश दिसताय." खोटं कशाला बोलू, मला ते पेय आवडायला लागलंय.

३० सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळचे सहा

दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहितोय. ती साडेसहाला येईल.

पाच वाजता बेल वाजली. दारात एक धिप्पाड बाई, बस चालवणाऱ्यांचा गणवेश, हातात छोटीशी कुंडी. "काका, मी तिच्या मंगळवारच्या गटातली. ड्यूटीवर जाता जाता ही द्यायला आले. आज तिचं वर्ष पूर्ण झालं ना!"

"कसलं वर्ष?"

ती गोंधळली. "सांगितलं नाही तिने? सुटल्याचं. वर्षभर एक थेंब नाही! आम्ही सगळे व्यसन सोडणारे. आणि हिचा हट्ट बघा — शेवटची विकत घेतलेली बाटली सीलबंद जवळ ठेवणार म्हणे, वर्ष झालं की स्वतः फोडून मोरीत ओतणार. आम्ही नको नको म्हणालो. पण राहिली की हो! आज ओतायचीय."

मी स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा राहिलो, फळीवरची बाटली दिसू नये म्हणून. ती बाई गेली. कुंडी टेबलावर आहे.

चाळीस वर्षांत माझ्या हातून एकदाही चुकीची बाटली गेली नाही. एकदाही! खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला आधी विचारायचो — काय होतंय, आधी काय घेत होता, काय चालत नाही. हा पहिला नियम. आणि पोटच्या पोरीला न विचारता चार शनिवार चार डोस मोजून हातात दिले. वर पट्टी लावून शाबासकी घेतली स्वतःची.

ती प्यायली असेल तर तिचं वर्ष मी मोडलं. आणि मला वाटत होतं दार उघडतंय!

जिन्यात पावलं वाजतायत.

१ ऑक्टोबर, बुधवार

एक थेंबही नाही. चारही ग्लास बर्फाच्या निमित्ताने मोरीत गेले.

"सांगितलं का नाहीस गं?"

"शनिवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट जायची, बाबा. दार लावून नुसती घड्याळ बघत बसायचे. तुम्ही बस म्हणालात. माझ्याजवळ, म्हणालात. ते मोडायचं नव्हतं मला."

उरलेली बाटली तिने ओतली, मी शेजारी उभा होतो. मग तिला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा, "तुला काय देऊ?"

"तेच. त्या बाटलीशिवाय. आणि बाबा, हलवू नका."