आमच्या घरचा बाक

प्रिय आई,
प्रेमाचा सलाम. खोकला गेला आहे, काळजी नको.

रविवारी फार दिवसांनी एक नवं जोडपं बाळाला घेऊन उपासनेला आलं. निम्मं चर्च रिकामं होतं, तरी एक आजी त्यांना म्हणाल्या, "उठा, हा आमच्या घरचा बाक आहे." ते उठले आणि थेट निघून गेले. मी नुसता पाहत राहिलो.

नंतर त्याच आजी मला विचारतात, "पाळकसाहेब, मंडळी का हो घटतेय? तुमचा उपदेश लांबतो, त्यानं असेल." मी इतका चिडलो की बोललोच नाही. तो संयम होता की भित्रेपणा, अजून ठरत नाही.

बाबा गेले तरी तिकडच्या चर्चमध्ये बाकावरच्या त्यांच्या जागेवर तू पिशवी ठेवतेस ना? या रविवारी ती मांडीवर घे आणि तिथे कुणा नव्या माणसाला बसव.

तुझा,
धाकटा