डंकाविरुद्ध एक जागरूक नागरिक

११ एप्रिल, दुपार

शेजारच्या अख्तरबींचा डंक आज सुरू झाला. खटका दाबला की लोखंडी मुसळं एकापाठोपाठ एक आपटायला लागतात. आता पावसाळ्यापर्यंत अख्ख्या पेठेची वर्षाची चटणी इथे कुटली जाणार. धमधम, मिरचीची धूळ, शिंका. माझी जेवणानंतरची चिंतनाची वेळ संपली. (घरात तिला झोप म्हणतात. असो.)

निश्चय: यंदा सहन करायचं नाही. व्यक्तिशः माझं काही नाही, प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे. तालुका वार्ताहराने गप्प बसायचं तर बोलायचं कुणी?

अख्तरबींशी संबंध मात्र बिघडू द्यायचे नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं नाही. नगरपालिकेशी बोलायचं.

१३ एप्रिल

राजेश्वरीला बेत सांगितला नाही, फक्त तत्त्व सांगितलं. डंकाच्या चटणीत लोखंडाचा अंश उतरतो. म्हणून तर आपल्याकडे दरवर्षी शिराळ्याहून, तुझ्या आईच्या उखळातली चटणी येते आणि म्हणून माझी प्रकृती ही अशी आहे.

ती हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय की." पटलं तिला.

१५ एप्रिल

पालिकेचं ॲप डाउनलोड केलं. आधुनिक प्रशासन! तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. गटार तुंबणे, डास, मोकाट कुत्री, मृत जनावर, इतर. 'इतर' दाबलं की ॲप बंद पडतं. डंक हवेतून त्रास देतो, डासही हवेतून देतात. तर्कशास्त्रात याला साधर्म्य म्हणतात. 'डास' निवडलं. खाली सविस्तर लिहिलं. आता बघा.

१८ एप्रिल

धूर मारणारी गाडी आली. डंकाकडे ढुंकूनही न बघता थेट आमच्या दारात थांबली. चालकाला सांगत होतो की तपशील वाचा, तपशील. तो म्हणाला, "तपशील सायब वाचत्यात. आमाला नुसतं डास आल्यात." एवढं म्हणून त्याने घरभर धूर सोडला. गच्चीवर राजेश्वरीच्या कुरडया वाळत होत्या. ती माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळी मोबाईलवर निरोप: तक्रार निकाली.

यंत्रणा हलली हे महत्त्वाचं. दिशा नंतर देता येते.

२१ एप्रिल

आता 'मृत जनावर' निवडलं. गंभीर प्रकार असल्याने त्याची दखल लवकर घेतली जाते, असं पालिकेतल्या शिपायाने सांगितलं.

२२ एप्रिल

दखल फारच लवकर घेतली. सोप्यात बाजेवर चिंतन चालू होतं. डोळे उघडले तर डोक्याशी दोघे जण हातगाडी घेऊन उभे. एक दुसऱ्याला म्हणत होता, "हितलाच पत्ता हाय रं." दुसरा म्हणाला, "थांब गड्या, हालतंय अजून."

डंकावर नंबर लावून बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मिरचीमुळे असेल.

ॲप बंद. यापुढे लेखी.

२५ एप्रिल

अर्ज तयार. नाव घातलेलं नाही. खाली 'एक जागरूक नागरिक' एवढंच. त्यात तीन मुद्दे: सार्वजनिक रस्त्यावर उडणारी धूळ, आवाज आणि लहान मुलांचं आरोग्य. पहिल्या मुद्द्यावर भर दिला, कारण डंकाचं दार रस्त्याकडे आहे. सुरुवातीला स्वतः रचलेल्या दोन ओळी टाकल्या:

मरीचचूर्णं गगने प्रसर्पति
निद्रा मदीया निलयं न गच्छति

'मरीच' म्हणजे खरं तर मिरे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, तिला जुन्या संस्कृतात शब्द नाही. पालिकेत कुणी हरकत घेईल असं वाटत नाही.

२ मे

अर्ज फळाला आला. स्वच्छता निरीक्षक उदयसिंह घरी आले. वरून हुकूम सुटलाय: जुन्या तक्रारी निपटण्याचा पंधरवडा. त्यांच्या वॉर्डातल्या तक्रारींत सर्वाधिक माझ्याच. (अभिमान नोंदवत नाही.)

अर्ज निनावी असताना ते माझ्याकडेच कसे आले, असं विचारलं. म्हणाले, "सर, ह्या पेठेत संस्कृतात तक्रार करणारं दुसरं कोण हाय?" मग कागद पुढे करून विचारलं, "मुद्दा आरोग्याचा म्हणता, पण ही निद्रा म्हंजे झोपच न्हवं?"

ती लाक्षणिक निद्रा आहे, समाजाची, असं सांगितलं. त्यांनी कागदावर 'झोप' असं लिहून घेतलं.

डंकाच्या परवान्याचं नूतनीकरण राहिलंय, असं जाताना म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. पण माझ्या अर्जातून ते ध्वनित होत असणारच.

३ मे

डंकाच्या दारावर नोटीस लागली. सोबत अर्जाची प्रत, श्लोकासकट. समोरच्या हरणाबाई शाळेत न गेलेल्या, पण ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या, "आवं सर, सईची काय गरज हाय तुमाला!"

मी हसून सोडून दिलं. संशयावरून काही सिद्ध होत नाही.

९ मे, दुपार

विजय! नोटिशीला वेळेत उत्तर न आल्याने डंक सील. उदयसिंहांनी स्वतः कुलूप लावून लाख ओतली. पंचनाम्यात 'आतील सर्व साहित्यासह, आहे त्या स्थितीत' असं लिहिलं. भाषा बरी आहे त्यांची.

किती शांतता! आता चिंतन.

९ मे, संध्याकाळ

चिंतन झालं नाही. राजेश्वरीने हलवून उठवलं. अंगणात कधी नव्हे तो परतलेल्या कांदा-लसूण-खोबऱ्याचा वास. भलीमोठी परात भरून मसाला. तिने विचारलं, "आता हे कशात घालू?"

मी म्हटलं, चटणीत. ती म्हणाली, "चटणी आत हाय."

खुलासा असा. सांगलीच्या यार्डातून आणलेली आपली ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, देठं काढून, गच्चीवर वाळवून, सकाळीच डंकावर गेली होती. पहिला घाणा कुटून झालेला. दुपारी मसाला घालून दुसरा हात फिरायचा, तेवढ्यात लाख. मग शिराळ्याचं उखळ? सासूबाईंनी ते आमच्या लग्नाआधीच तुळस लावायला काढलंय. लग्न झाल्यापासून मी अख्तरबींच्याच डंकाची चटणी खातोय.

मी विचारलं, मग आजवर बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही इतकं कौतुकानं सांगायचा. मोडवेना."

परतलेला मसाला दोन दिवसांत आंबतो. वळीव आला की कुटलेल्या मिरचीला बुरशी धरते. म्हणजे वर्षभर चटणी नाही. राजेश्वरी एवढंच म्हणाली की नसेल तर नसेल, यंदा दूध-भात खाऊ. मला दूध-भात आवडत नाही, हे तिला माहीत आहे.

१० मे

सकाळीच पालिकेत. व्यापक समाजहित लक्षात घेऊन तक्रार मागे घेत आहे, असं उदयसिंहांना सांगितलं. ते म्हणाले, "सर, तक्रार मागं घेता आली असती. पर ती आता तक्रार न्हाई, प्रकरण हाय."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या घरचं पातेलंबी आतच हाय. मंडळी कालपास्नं बोलत न्हाईत." मी म्हटलं, मग उघडा की! ते म्हणाले, "तुमच्याच अर्जावर बंद केलंय सर. माझ्या पातेल्यासाठी उघडलं तर तुमी पेपरात छापशीला."

छापलं असतं.

उपाय एकच: परवान्याचा अर्ज, शेजाऱ्यांची ना-हरकत, मग जागेवर सुनावणी.

१० मे, दुपार

अख्तरबी आल्या. भांडतील म्हणून मी आतल्या खोलीत गेलो होतो. राजेश्वरीने बाहेर बोलावलं. बाई भांडल्या नाहीत. "सर, दोन म्हैन्याचा धंदा हाय. बाकी धा म्हैनं मशीन झाकूनच असतंय. एक अर्ज लिवून द्या की. तुमचं अक्षर पालिकेत चालतंय म्हणत्यात."

त्यांना माहीत आहे की नाही, हे चेहऱ्यावरून कळेना. लिहून दिला. मन लावून लिहिला. जागरूक नागरिकाचे तिन्ही मुद्दे एकेक करून खोडले. खोडताना लक्षात आलं, मुद्दे फारच तकलादू होते. असले अर्ज कोण लिहितं, आणि पालिका त्यावर कारवाई तरी कशी करते? या विषयावर बातमी करायला हवी.

११ मे

ना-हरकतीच्या सह्या गोळा करायला मीच निघालो. माझ्या शब्दाला वजन आहे.

हरणाबाईंनी कागद उलटसुलट बघितला. "आवं, कालपतुर हरकत व्हती, आज न्हाई. उद्याचं काय? शनवारचं शनवार विचारायला येऊ का?" मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "आगं, खुर्ची दे सरांस्नी. आनि गाडीवाल्यास्नी सांग, हालतंय म्हणावं."

अंगठा उठवला. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. प्रत्येक घरात चहा घ्यावा लागला आणि प्रत्येक घरात श्लोकाचा अर्थ सांगावा लागला. 'निद्रा' शब्दाशी सगळीकडे तेवढाच हशा. संस्कृतचा प्रसार होतोय.

संध्याकाळी परातीतला मसाला आंबला. राजेश्वरीने खड्डा करून पुरला. माझ्याशी बोलणं पुन्हा बंद. रात्री दूध-भात.

१५ मे

सुनावणी आज जागेवरच झाली. डंकापुढे सगळी पेठ जमलेली. पश्चिमेला ढग. उदयसिंहांनी कागद वाचले. परवाना ठीक, सह्या ठीक. पण नोटिशीतला पहिला मुद्दा निकाली निघाल्याशिवाय सील काढता येत नाही: सार्वजनिक रस्त्यावर उडणारी धूळ. तो मुद्दा कुणी इतका ठासून मांडला होता कुणास ठाऊक.

मग अख्तरबींचा मुलगा सरफराज म्हणाला, "साहेब, रस्त्याकडचं दार भिंत घालून बंद करतो. दुसरं दार बोळात काढतो. बोळ काय रस्ता न्हाई."

चांगली सूचना होती. मी मान डोलावली. मग लक्षात आलं, बोळ म्हणजे आमच्या दोन घरांमधला. सोप्यातली माझी बाज ज्या खिडकीशी आहे, ती खिडकी त्याच बोळात उघडते.

उदयसिंहांनी विचारलं, "लगतच्या घराची हरकत?"

सगळी पेठ माझ्याकडे बघायला लागली. हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला. अख्तरबी जमिनीकडे बघत होत्या. बायकांच्या घोळक्यात राजेश्वरी होती, रिकामी परात काखोटीला मारून. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ढगांकडे बघत होती.

मला बरंच काही म्हणता आलं असतं. दोन ओळी सुचतही होत्या. "नाही," म्हणालो.

उदयसिंहांनी तिथल्या तिथे लाख फोडली. आधी त्यांचं पातेलं बाहेर आलं.

१८ मे

गवंड्याचं काम चालू आहे. बोळात भगदाड पडलंय. राजेश्वरी नव्याने कांदे चिरते आहे. तिच्या डोळ्यांत पाणी, पण बोलते आहे. वळीव हुलकावणी देऊन मिरजेकडे गेला.

मागे वळून बघता लढ्याचं फलित स्पष्ट दिसतं. रस्ता धूळमुक्त झाला, धंद्याला परवाना मिळाला, प्रशासन हललं. एका माणसाने एवढं केलं. यावर एक लेख होईल. दुपारी लिहायला बसेन.

२० मे

चटणी झाली. आपला नंबर शेवटी होता. नव्या दारातून अख्तरबींनी डबा थेट खिडकीतून आत दिला. भाकरीबरोबर खाल्ली. लोखंडाचा अंश लागला नाही. पहिल्या घासाला राजेश्वरी विचारत होती, शिराळ्यासारखी झालीय का. मी हो म्हणालो.

लेख झाला नाही. शिंका.

२६ मे

डंक आता उशापासून हातभर अंतरावर चालतो. तक्रार करण्यासारखं काही नाही. अख्तरबी भल्या बाई आहेत. माझ्या चिंतनाची वेळ त्यांनी स्वतःहून मोकळी ठेवलीय. जेवणानंतर मशीन बंद. नंबर लावलेल्या बायका बोळात सावलीला बसतात, तोंडातून शब्द काढत नाहीत. कुणाचं पोर रडलं तर बाकीच्या त्याला दटावतात, "गप, सर झोपल्यात." इतका मान या गावात दुसऱ्या कुठल्या वार्ताहराला नसेल.

फक्त, मशीन पुन्हा सुरू करण्याआधी माझी झोप मोडू नये म्हणून अख्तरबी दर वेळी खिडकीशी येऊन खात्री करून घेतात. गज वाजवतात आणि मोठ्यांदा विचारतात, "सर, झोपला न्हाईसा न्हवं?"

मी उठून बसतो आणि नाही म्हणतो.