आईचा सरळ फोटो

८ जाने.
दुकानात आज तीन मयतांचे फोटो. जुने ब्लॅक अँड व्हाइट, त्यात रंग भरायचे, मागे निळा पडदा टाकायचा. कॅम्प पाचच्या बाजारात आमचं फोटोचं दुकान याच कामासाठी प्रसिद्ध. शेठ म्हणाले, "साडी लाल कर दे, घरवाले खुश हो जाते हैं." बाईची साडी खरी कुठल्या रंगाची होती, कुणी विचारलं नाही.
माझ्या कॅमेऱ्यात मात्र रंग बंद करून चार वर्षं झाली. मूळ रंगीत फाइलही ठेवत नाही. परतीची वाट ठेवली की नजर आळशी होते.

१९ जाने.
आई खिडकीत तांदूळ निवडत होती, नऊचं ऊन. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा पार काळा. चार वर्षांत जमलेला हा एकच फोटो.
दाखवला. "अर्धी मी कुठं गेले? एक सरळ काढ की रे, चारचौघींचा असतो तसा."
म्हटलं, तसा कुणीही काढतं. ती परत तांदूळ निवडायला लागली.

११ फेब्रु.
आई गेली. चहा मागितला होता. मी घेऊन येईपर्यंत

१४ फेब्रु.
ताई चामटोलीहून आली. रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, समोर ठेवायला फोटोची फ्रेम हवी. माझे सगळे दाखवले. हात, पाठ, पदराखालचा कान, टाचेच्या भेगा.
"आणि आई कुठंय यात?"
तुला फोटोतलं कळत नाही, म्हटलं.
"नाही कळत. पण लोक फुलं वाहायला येणार. ती काय टाचेला वाहायची?"
भांडलो. मग दोघंही रडलो.

१५ फेब्रु.
दुकानात खिडकीतला फोटो उघडला. काळा भाग उजळून बघितला, खाली काहीच नाही. मी ठेवलंच नव्हतं. उजळ बाजू उलटी करून दुसरीकडे लावली, गिऱ्हाइकांना लावतो तशी. भलतीच कुणी बाई झाली. साडीचा रंगही आठवेना.
शेठ मागे उभे. "रहने दे. माँ का काम अपने हाथ से नहीं होता." पुसून टाकलं.

१६ फेब्रु.
शेवटी ताईच्या मोबाइलमधला घेतला. भाचीच्या हळदीतला, आई समोर बघून हसतेय, शेजारी कुणाचा तरी खांदा. खांदा मीच पुसला, निळा पडदा मीच टाकला. मोठा करताना डोळे दिसले.
घारे. आईचे डोळे घारे होते. लहानपणी गल्लीत मला 'घारीचा' म्हणायचे. कधी विसरलो? माझ्या इतक्या फोटोंत ते नुसते करडे आहेत.

१८ फेब्रु.
कार्यक्रम झाला. फ्रेमपुढे जो तो म्हणाला, अगदी आई. माझी चार वर्षं कपाटात, कुणी विचारली नाहीत. मीही काढली नाहीत. लाज वाटली.
निघताना ताई म्हणाली, "माझाही एक काढून ठेव. सरळ. आईसारखं नको व्हायला." पदर नीट करून बसली. रंग कुठून चालू करायचा तेच मला सापडेना, मेनूत शोधत राहिलो. मान वर केली तर खुर्ची मी सवयीनं खिडकीपाशीच ठेवलेली, आणि ताईचा अर्धा चेहरा काळ्यात.
तसा, त्या दिवसासारखाच. फार सुंदर होता.
"काढलास का?"
म्हटलं, थांब जरा.