ठिपकीला फिरवणारी बाई

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
५ जानेवारी १९९८

तीर्थरूप सौ. बाईस,
सुनयनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू पोचल्याचं आबांचं कार्ड आलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. पण बाई, हे काय वागणं झालं? संक्रांतीपर्यंत राहते म्हणालीस आणि दोन तारखेला सकाळी उठून पिशवी भरलीस. हे म्हणतात, तूच काहीतरी बोलली असशील. मी काही बोलले नाही गं. आठवून आठवून थकले.

पायाला काच लागली म्हणून ठिपकीला इथंच ठेवून गेलीस. जखम भरत आली, पण महाराणी बाल्कनीत दाणा टिपत नाहीत. तुमची फिरायला जायची वेळ झाली की दाराशी उभी राहून सगळा जिना उठवते. मुंगसानं आई नेलेलं पिल्लू पदरात वाढवलंस तू आणि ताप माझ्या डोक्याला.

खरं सांगते, कोंबडी घेऊन रस्त्यावर जायची मला लाज वाटते. ऑफिसातले दोघे-तिघे याच कॉलनीत राहतात. पण नाही फिरवली तर मरेल अशी भीती वाटते. तर कसं फिरवायचं, ते सगळं लिही. टेन्शनमध्ये आहे.

आबांना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
सुनयना


ता. पाटण, जि. सातारा
१२ जानेवारी

चि. सौ. सुनयना हिस,
राहीबाईचा पोटभर आशीर्वाद. पत्र लिवन्यास कारन की तुजं पत्र मिळालं. चौथीपोतर शिकल्याली मी, दोन दिस बसून लिवतीया, तवा हसू नगंस.

तू काय बोलली न्हाईस. हितं काम निगालं म्हनून आले.

ठिपकीच्या पायाला दोरी बांदू नगंस. भ्याली की उडाया बगती आन् पाय मुरगळतो. माज्या जुन्या लुगड्याची चिंदी कपाटात हाय, ती पंखांच्या खालनं, छातीवरनं सैल बांद. दोन बोटं आत गेली पायजेत. आदी घरातच फिरीव, मंग खाली ने. वढायचं न्हाई. ती म्होरं, आपुन मागं.

अंडं घातल्याबिगर नेऊ नगंस. कुत्रं दिसलं की उचलायची, दोनी पंख दाबून, काखंत. वर घार फिरत आसंल तर आपुन वाकून वर पदर धरायचा. बागंत दवा मारल्यालं गवत टिपू देऊ नगंस. चोच उगडून धापा टाकाय लागली की सावली आन् पानी. चढ आसंल तर पाटीत घालून ने, तिला काय गड सर करायचा न्हाई. घरी आल्यावर तळपाय बग, तुमच्याकडं काचा लई. दिस बुडायच्या आत घरात पायजे, अंदारात तिला दिसत न्हाई.

लाज वाटली तर पदर घे तोंडावर. जावईबापूस्नी आशीर्वाद. आठवन ठेव.

राहीबाई


खांदा कॉलनी
२७ जानेवारी

तीर्थरूप सौ. बाईस,
सुनयनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. तू सांगितलंस तशीच ठिपकीला फिरवते. पहिले चार दिवस तोंडावर पदर घेऊन गेले. पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या राजेश्वरीवहिनींनी गाठलंच. म्हणाल्या, आज तुम्हीच? तुमच्या बाई गावाला गेल्या का? मग तुझं कौतुक सुरू झालं. एकतीस तारखेला त्यांच्याकडे अठरा माणसं जेवायला होती आणि दुसऱ्या दिवशी भांडीवाली आलीच नाही. तू ठिपकीला घेऊन खाली होतीस, म्हणून तुला विचारलं. ठिपकीला जिन्याच्या कठड्याला बांधून तू सगळा ढीग घासलास. काही घेतलं नाहीस, कोंबडीसाठी मूठभर कणी तेवढी नेलीस. अशा बाई हल्ली मिळत नाहीत, म्हणाल्या.

डिसेंबरात जिन्यात त्यांनी विचारलं होतं, या कोण? मी म्हणाले, आमच्या बाई. आपल्या घरात आईला बाईच म्हणतात, त्यामुळे खोटं बोलले नाही असं मनाला समजावलं. पण इथं बाई म्हणजे भांडी घासणारी, हे मला माहीत होतं. त्यांनी तसंच धरलंय हे दिसलं, तरी गप्प राहिले. तुझं नऊवारी, तुझी बोली, काखेतली कोंबडी, मला सगळ्याची लाज वाटली. तू माझ्या मागेच उभी होतीस. बाई, लिहितानाही मान वर होत नाही.

आणि एवढं कळूनही मी परत तेच केलं. हो, गावाला गेल्या, म्हणाले आणि घरी येऊन रडले.

परवा रविवारी सोसायटीच्या बायका करंजाड्याच्या पुढच्या टेकडीवर निघाल्या. मी ठिपकीला पाटीत घालून गेले. माथ्यावर सपाटीला सोडली, तर घार आली. मी सगळ्यांदेखत ओणवी होऊन वर पदर धरला. बायका हसल्या. वहिनी म्हणाल्या, तुमच्या बाईंनी चांगलं शिकवलंय. मग मी तशीच ओणवी राहून सांगून टाकलं की ती माझी सख्खी आई आहे.

वहिनींचा चेहरा पडला. त्यांनी एवढंच विचारलं, तुमची आई माझ्याकडे भांडी घासत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?

मी वरच्या मजल्यावर झोपले होते, बाई. रजा होती. तेच सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि त्यांचं चुकत नाही.

माफ कर म्हणायला तोंड नाही. सात तारखेला, शनिवारी तुला न्यायला येते. येशील का?

रागावलीस तरी पत्र पाठव, एवढी माया कर.

सुनयना


ता. पाटण
२ फेब्रुवारी

चि. सौ. सुनयना हिस,
राहीबाईचा आशीर्वाद. तुजं पत्र मीच वाचलं, आबास्नी दिलं न्हाई.

त्या बाईनं इचारलं तवा मी काय सांगनार हुते? तू बाई म्हनलीस. मंग लेकीला चारचौघीत खोटी पाडू? घासली भांडी. रडू आलं, पर ते भांड्यांचं न्हवतं. त्या बाईचा राग धरू नगंस, तिला काय ठावं. तिनं चा सुदीक दिला हुता.

तू ये. मी तुज्यासंगं येनार का न्हाई, ते आत्ताच सांगत न्हाई. माजं मन अजून दुकतंय.

एक मातुर ध्यानात ठेव. हितं समद्यांनी इचारलं, लवकर का आलीस? मी सांगितलं, लेक इकडची काडी तिकडं करू देत न्हवती, बसून बसून कट्टाळले. शेजारची शेवंताबाई तिच्या सुनंला रोज तुजं उदारन देती. तू आलीस की बायका बगाया येतील, वटी भरतील, तोंडभरून बोलतील. मान खाली घालू नगंस, रडू नगंस. गप ऐकून घे.

तितं खरं सांगितलंस, चांगलं केलंस. हितं सांगू नगंस. हितं मला ऱ्हायाचं हाय.

सांबाळून ये.

तुजी बाई